चौतिसाला चौतीस

"वहिनी, हात काळे होतील," असे म्हणत मिस्त्रीने सायकलच्या मागच्या चाकावर फडके टाकले.

"एकतीस वर्षं तेलकट काटे तपासलेत मी. काढा ते फडकं."

"काढतो की. पण मोजायचंय काय त्यात? सगळ्या गावाला ठाऊक आहे, तेवीस आहेत."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे म्हणूनच मोजायचे आहेत."

टबातल्या पाण्यात कोणाची तरी ट्यूब बुडवून ठेवलेली होती, तिच्यातून सुटणाऱ्या बुडबुड्यांकडे मिस्त्री एकाग्र चित्ताने पाहू लागला, जणू ते पंक्चर शोधण्याखेरीज त्याला जन्मात दुसरे काम नव्हते.

बाई वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. दुकानोदुकानी जाऊन तराजू पारखणे, खऱ्या मापावर शिक्का मारणे आणि खोट्या मापावर फुली मारणे यात त्यांची एकतीस वर्षे गेली होती. निवृत्तीला दोन उरली होती. ज्या मापाबद्दल बाजाराची खात्री असते ते सर्वांआधी तपासावे, असा त्यांचा नेम होता. संशयितावर सगळ्यांची नजर असते. विश्वासातल्या मापाला मात्र वर्षानुवर्षे कोणी हात लावीत नाही, आणि खोट नेमकी तिथेच घर करून राहते.

समोर टांगलेली सायकल त्यांच्या नवऱ्याची होती. नवरा अकरा महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या पलंगावर, चार दिवसांच्या तापाने गेला. गावाच्या सायकल मंडळात त्याला कोणी नावाने हाक मारीत नसे. तेथे तो 'तेवीस' होता.

या नावामागची हकीकत समजण्यासाठी थोडे गणित सांगणे भाग आहे. चढावर सायकल किती जड जाणार हे दोन आकडे ठरवतात: पायडलपाशी असलेल्या पुढच्या चकतीचे दाते आणि मागच्या चाकावरच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते. मागची चकती जितकी मोठी, तितका पाय हलका आणि तितकी चाल मंद. पुढे एकोणचाळीस आणि मागे तेवीस ही जोडी घेऊन सहा किलोमीटरचा घाट चढायचा म्हणजे तरण्याबांड गड्याच्याही मांड्यांचे पाणी व्हावे. मंडळाची रीत अशी की दर रविवारी पायथ्याशी एक काळा फळा मांडला जाई. चढणाऱ्याने आपले दाते मोठ्याने सांगायचे आणि कप्तानाने ते खडूने लिहायचे. मोजून पाहायचे कोणीच नाही, कारण मंडळात शब्द प्रमाण. मागे मोठी चकती लावणाऱ्याला 'ताटवाला' म्हणत, आणि ताटवाला ठरण्यापेक्षा माणसे घाटाचा रस्ता सोडून देणे पसंत करीत. बाईंच्या नवऱ्याने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत दर रविवारी त्या फळ्यापुढे उभे राहून "एकोणचाळीस, तेवीस" असे सांगितले होते.

बाई त्या घाटात एकदाच सायकलवर गेल्या होत्या, बावीस वर्षांपूर्वी. तिसऱ्या वळणावर मांड्या पेटल्या, सायकल जागीच थबकली आणि त्या उतरून चालू लागल्या. तेथल्या कठड्यापाशी मंडळाची पाचसहा माणसे दम खात बसली होती. त्यांच्यासमोर त्या नवऱ्याला एवढेच म्हणाल्या होत्या, "मला जरा हलका गिअर बसवून द्याल का?" त्यावर तो म्हणाला होता, "गिअर जड नसतो, माणूस हलका निघतो." सगळे हसले. न हसल्यास लागलेले दिसेल म्हणून बाईही हसल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आपली सायकल विकली. नवरा एरवी वाईट नव्हता. दौऱ्यावर निघायच्या दिवशी त्यांच्या बुटांना पॉलिश करून ठेवणारा, त्यांच्या आधी उठून त्यांच्यासाठी चहा टाकणारा माणूस. त्या वाक्याबद्दल मात्र तो पुन्हा कधी काही बोलला नाही, आणि बाईंनीही विषय काढला नाही. संसारात अशी एखादी बंद खोली असते. तिच्यावरून रोज ये-जा होते, पण कडी कोणी काढीत नाही.

मग पंधरा दिवसांपूर्वी कप्तान घरी आला. मंडळाचा हा प्रमुख शिडशिडीत, पांढऱ्या मिशांचा आणि अतिशय अदबशीर होता.

"वहिनी, मंडळानं ठरवलंय," तो म्हणाला. "घाटमाथ्यावर निवारा आहे ना, त्याच्या भिंतीवर त्याची सायकल कायमची बसवायची. पाटीसुद्धा झालीय. हा फोटो."

पाटीवर नवऱ्याचे नाव होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत: ३९–२३.

"मला विचारलं कोणी?"

"विचारायलाच आलोय."

"पाटी करून?"

कप्तानाने मिशीवरून बोट फिरवले. "सायकल तशीही घरात पडूनच राहणार. चालवणार कोण?"

"मी."

कप्तान हसला नाही. त्याने फक्त समजूतदार चेहरा केला, आणि बाईंना ते हसण्याहून झोंबले.

"वहिनी, दुसऱ्या वळणाला टेम्पो बोलवावा लागेल."

"मग टेम्पो आधीच बरोबर घ्या. पाय न टेकता माथ्यावर पोचले, तर सायकल माझी. पाय टेकला, तर तिथूनच तुमच्या टेम्पोत टाका आणि भिंतीला ठोका. मी चकार शब्द काढणार नाही. दाते मात्र मला हवे ते लावीन."

"लावा की," कप्तान उदारपणे म्हणाला. "वर गेल्यावर आम्ही तेवीस परत बसवू. दोन महिने घ्या तयारीला."

हवे ते दाते म्हणजे किती, हे बाईंनी अंदाजावर सोडले नाही. कचेरीच्या चार मजल्यांच्या जिन्याची एकेक पायरी त्यांनी पट्टीने मोजली आणि रोज सकाळी घड्याळ लावून त्या वर-खाली करू लागल्या. शिपाई म्हणाला, "बाई, लिफ्ट चालू झालीय." बाई म्हणाल्या, "ती चढते. मी कुठे चढते?" धाप न लागता, बोलत बोलत, मिनिटाला दहा मीटर उंची त्यांना झेपत होती. एका सुट्टीच्या दिवशी पट्टी आणि पाणसळ घेऊन त्यांनी घाटही मोजला. रस्ता सरासरी शंभराला आठ चढत होता. दर मिनिटाला दहा मीटर उंची म्हणजे सव्वाशे मीटर रस्ता. पाय मिनिटाला साठ फेरे फिरवू शकतात. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यामागे सायकल दोन मीटर आठ सेंटीमीटर पुढे गेली पाहिजे. चाकाचा घेर भरला दोन मीटर दहा. उत्तर कागदावर आपोआप उतरले: पायाचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. पुढे चौतीस दाते, तर मागेही चौतीस.

आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, केवळ सवयीने, त्यांनी नवऱ्याचेही गणित मांडले. एकोणचाळीस–तेवीसवर तेवढेच फेरे मारीत चढायचे तर मिनिटाला सतरा मीटर, म्हणजे जवळजवळ सहा मजले. आयुष्याच्या शेवटच्या दशकात हा माणूस दोन मजले चढून घरात आला की दाराशी बूट काढण्याच्या निमित्ताने पाच मिनिटे बसून राही. बाईंनी आकडेमोड तीनदा तपासली. आकडा हलला नाही. म्हणून त्या मिस्त्रीच्या दुकानात उभ्या होत्या.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "खडू द्या."

मिस्त्रीने खडू दिला. दाते मोजण्याची त्याचीच रीत होती: एका दात्यावर खूण करायची आणि फिरून त्या खुणेपाशी येईपर्यंत मोजायचे. बाईंनी फडके काढले, सर्वांत मोठ्या चकतीच्या एका दात्यावर खूण केली आणि पेन्सिलच्या टोकाने एकेक दाता ढकलीत मोजू लागल्या. तेवीस झाले तेव्हा खूण अजून पाच दाते दूर होती.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने टबातली ट्यूब बाहेर काढली. "चौदा वर्षं झाली. गुडघा गेला होता त्याचा. एके दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात उभा. म्हणाला, मिस्त्री, हलकं कर, पण वाच्यता करू नको. मी शब्द दिला."

"मंडळाला नाही सांगितलं, ते समजलं. मला का नाही?"

"तुम्हालाच तर सांगायचं नव्हतं." मिस्त्रीचा आवाज खाली गेला. "म्हणाला, तिला मी एकदा चारचौघांत बोललोय. आता हलकं लावून घेतलं हे कुठल्या तोंडानं सांगू?"

बाई चाकावर वाकल्या. मोठ्या चकतीचे दाते झिजून बारीक झाले होते आणि एका बाजूला कलले होते. लहान चकत्या मात्र कालपरवा आणल्यासारख्या कोऱ्या दिसत होत्या.

"आणि ते काय?" त्यांनी फळीवरच्या नव्या खोक्याकडे बोट केले.

"तेवीसची कॅसेट, मागच्या चकत्यांचा जुडगा." मिस्त्रीने मान खाली घातली. "भिंतीवर बसवायच्या आधी गुपचूप चढवणार होतो. कोणी मोजलंच, तर शोभा नको."

"चौदा वर्षांत तेवीसच्या किती विकल्या?"

"ही पहिलीच. आणि हीसुद्धा भिंतीसाठी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे फळ्यावर निम्मं मंडळ तेवीस आणि पंचवीस लिहून घेतं, ते?"

"वहिनी," मिस्त्री छताकडे पाहत म्हणाला, "डॉक्टरनं रोग्याचं आणि मिस्त्रीनं दात्यांचं बाहेर बोलू नये."

तेव्हा बाईंना प्रथम हसू आले आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. प्रत्येकजण दुकान उघडण्यापूर्वी एकेकटा येत होता, प्रत्येकाला आपणच तेवढे ताटवाले असे वाटत होते, आणि त्यांचा नवरा चौदा वर्षे ज्या माणसांना भीत होता ती सारी त्यालाच भीत होती.

"चौतीस लावा," त्या म्हणाल्या.

"तीस लावतो. चांगलं हलकं जातं."

"चौतीस."

"बत्तीस? वहिनी, अहो, लोक हसतील."

"हसू दे. हसायला दम लागतो. चढावर तेवढा कोणापाशी उरत नाही."

"चौतीसला पुढची चकतीही बदलावी लागेल. चेन लांब लागेल, चेन हलवणारा हा हातही मोठा लागेल. बैठक तुमच्या मापानं खाली." मिस्त्री हळहळला. "मग त्याची सायकल उरली कुठे?"

"सांगाडा त्याचा, दाते माझे. तीस वर्षं संसार असाच चालला. आणि ही जुनी कॅसेट मला कागदात बांधून द्या."

पुढचे सहा आठवडे बाई पहाटे उठून गावच्या पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर सायकल घालीत होत्या. पहिल्या दिवशी त्या कुंपणात गेल्या, चौथ्या दिवशी दूधवाल्याच्या अंगावर. दूधवाला म्हणाला, "मावशी, ब्रेकसुद्धा असतो." बाई म्हणाल्या, "तो उतारावर. अजून तिथवर पोचले नाही." तिसऱ्या आठवड्यात टेकाड त्यांच्या पायांखाली निमूट झाले.

लेक दुसऱ्या गावाहून आली ती भांडायच्या तयारीनेच आली.

"आई, छप्पन्न वय आहे तुझं. हे कोणाला दाखवायला चाललंय?"

"दाखवायला नाही. मोजायला."

"बाबांची आठवण भिंतीवर राहिली, चार लोकांनी पाहिली, तर काय बिघडलं? तिकडे त्यांचा मान राहतो."

"भिंतीवरच्या वस्तूला कोणी वापरत नाही. आणि न वापरलेलं माप आधी गंजतं."

"प्रत्येक गोष्टीत तुझं खातं नको आणूस गं." लेकीचे डोळे भरले. "तुला राग आहे त्यांच्यावर. त्या तिसऱ्या वळणाचा. मी सात-आठ वर्षांची होते, पण मला आठवतं. त्या दिवशी तू घरी येऊन भांडी घासत बसली होतीस, घासलेलीच."

कपाटात, कागदाच्या पुडक्यात, अठ्ठावीस दाते पडून होते. सांगावे असे बाईंच्या जिभेवर आले. पण नवरा हयात नव्हता. स्वतःची बाजू मांडायला आरोपी हजर नसताना माप खोटे ठरवू नये, हाही खात्याचाच नियम होता.

"राग आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आता तो कोणावर आहे, ते वर गेल्यावर कळेल."

ठरलेल्या रविवारी पायथ्याशी अकरा सायकली उभ्या होत्या. मागे टेम्पो होता, त्यात सायकल बांधायला दोर होता आणि चालकाशेजारी मिस्त्री अपराध्यासारखा बसला होता. कप्तानाने फळा मांडला. आपल्या नावापुढे त्याने '३९–२५' असे वळणदार लिहिले. आणखी दोघांनी आपापले शब्द दिले. मग तो अदबीने वळला.

"वहिनी, दाते?"

"पुढे चौतीस, मागे चौतीस."

खडू थांबला. मागून कोणीतरी म्हणाले, "वहिनी, ताट भलतंच मोठं आणलंत. पंगतीला कोण कोण?"

"ज्याला भूक असेल त्यानं बसावं," बाई म्हणाल्या. "मी मोजून वाढते." मग कप्तानाला म्हणाल्या, "लिहू नका अजून. आधी मोजा."

"वहिनी, मंडळात मोजत नाहीत. शब्द पुरतो."

"माझ्या खात्यात पुरत नाही. वाका आणि मोजा."

इतक्या वर्षांत त्या फळ्यापुढे कोणी कोणाला वाकायला लावले नव्हते. कप्तान गुडघ्यावर बसला. त्याने खूण केली, मोजले, आणि चौतीस भरले ते मोठ्याने सांगून फळ्यावर लिहिले. बाईंच्या मागे रोखपाल उभा होता. बँकेत नोकरीला असलेला हा ढेरपोट्या, विनोदी गृहस्थ गेली सहा वर्षे तेवीस सांगत आला होता. त्याने आधी कप्तानाच्या हातातल्या खडूकडे आणि मग आपल्या मागच्या चाकाकडे पाहिले.

"माझं लिही," तो म्हणाला, "बत्तीस."

"गेल्या रविवारी तेवीस होतं."

"गेल्या रविवारी कोणी मोजत नव्हतं."

यावर हसू यायला हवे होते, पण कोणी हसले नाही. रोखपालानंतरच्या दोघांनी खाकरत, इकडेतिकडे पाहत तीस आणि चौतीस असे आकडे सांगितले. आधी लिहून झालेल्यांपैकी एकजण पुढे झाला आणि तळहाताने आपला आकडा पुसून गेला. कप्तानाने स्वतःचा पंचवीस तसाच ठेवला. फक्त फळ्याकडे पाठ करून तो उभा राहिला.

बाई निघाल्या. एकामागून एक सारे त्यांना ओलांडून पुढे गेले. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या हिशेबाने माथ्यापर्यंत दोन हजार आठशे सत्तावन्न फेरे होते आणि त्या शंभराशंभरांचे गठ्ठे करून मोजीत होत्या. पहिल्या वळणावर अंगाला घाम आला. दुसऱ्यावर श्वास तालात बसला. टेम्पो मागून गुरगुरत येत होता, एखाद्या वसुली अधिकाऱ्यासारखा, घाई न करता. अकराशेव्या फेऱ्याच्या आसपास रस्ता नाक वर करून उभा राहिला आणि तिसरे वळण दिसू लागले. कठडा तोच होता. बाहेरच्या कडेला रोखपाल सायकलला टेकून, एक पाय जमिनीवर ठेवून, तोंडाने श्वास घेत उभा होता. पुढे कप्तान थांबला होता.

"वहिनी, आतून घ्या," कप्तान ओरडला. "जवळ पडतं."

बावीस वर्षांपूर्वीही हेच शब्द होते. फक्त ते नवऱ्याच्या तोंडचे होते आणि बाईंनी ते ऐकले होते. या खेपेस त्यांच्याजवळ पट्टीचा पुरावा होता: वळणाच्या आतल्या कडेला रस्ता शंभराला चौदा चढतो, बाहेरच्या कडेला दहा. आतली वाट जवळची खरी, पण ती मांड्यांत जोर असलेल्यांसाठी. बाईंनी हँडल बाहेरच्या बाजूला वळवले.

तेथे वाळू होती. मोजमापाच्या दिवशी ती नव्हती. मागचे चाक सरकले, उजवा पाय पायडलवरून निसटला आणि बुटाचा तळ रस्त्याच्या दिशेने खाली गेला. सगळे वजन डाव्या पायावर घेत बाईंनी फेरा रेटला. चौतीस दात्यांनी चौतीस दात्यांना ओढले, चाक अर्धा हात पुढे सरले, आणि उजवे पायडल वर येऊन तरंगत्या बुटाला भेटले. एवढ्या वेळात साधी शिवीही पूर्ण झाली नसती. मग दुसरा फेरा पडला, तिसरा पडला, आणि कठडा मागे गेला. गठ्ठ्यांचा हिशेब विसरला होता. त्यांनी तो पुन्हा एकपासून सुरू केला.

माथ्यावरचा निवारा म्हणजे तीन भिंती, एक बाक आणि पत्र्याचे छप्पर. बाई पोचल्या तेव्हा घड्याळात एक्कावन्न मिनिटे झाली होती. हिशेबापेक्षा तीन जास्त. ही चूक वाळूच्या नावावर मांडून त्या उतरल्या. त्या सायकलला धरूनच उभ्या राहिल्या. पाठोपाठ टेम्पो आला, जरा वेळाने रोखपाल.

आधीच पोचलेला कप्तान म्हणाला, "वहिनी, कमाल केलीत. पण खरं बोलायचं तर… तिसऱ्या वळणावर पाय टेकला, असं मला वाटलं."

"खाली जाऊन पाहा. वाळू आहे. उमटला असेल तर सायकल तुमची."

टेम्पोतून उतरणारा मिस्त्री काही बोलणार, तेवढ्यात रोखपाल पुढे आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"कशाला जायचं? मी तिथेच उभा होतो, हातभर अंतरावर. पाय माझा टेकला होता. त्यांचा नाही."

ज्या मंडळात पाय टेकल्याची कबुली कोणी आजवर दिली नव्हती, तेथे तो साधे हवामान सांगावे तसा हे बोलला आणि बाकावर जाऊन बसला. कप्तानाने मान हलवली.

"सायकल तुमची, वहिनी."

"माझीच होती."

भिंतीवर पाटी आधीच लागलेली होती आणि तिच्याखाली सायकलसाठी ठोकलेले दोन रिकामे लोखंडी आकडे होते. पाटीवर नाव, आणि खाली ३९–२३. कप्तान त्या रिकाम्या लोखंडी आकड्यांकडे पाहत म्हणाला, "भिंत मात्र ओकीबोकी राहिली."

बाईंनी पाठीवरच्या पिशवीतून कागदाचे पुडके काढले आणि सोडले. मिस्त्री जवळ सरकला आणि पुटपुटला, "वहिनी, मी शब्द दिलाय त्याला."

"तुम्ही दिलाय. मी नाही." मग त्याच्याकडे न पाहता, हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "आणि अठ्ठावीसवर चढला, म्हणजे चढलाच ना हो. मोडका गुडघा घेऊन, चौदा वर्षं, दर रविवारी. लाज कशाची होती त्यात?"

याचे उत्तर ज्याने द्यायचे तो तेथे नव्हता.

बाईंनी कॅसेट उजव्या आकड्याला अडकवली, मोठी चकती बाहेरच्या बाजूला ठेवून. झिजलेले, कललेले दाते उन्हात आले. बाईंनी एका दात्यावर अंगठा टेकवला. त्याची धार बोथट, गुळगुळीत लागली. पाटीवरचा आकडा त्यांनी खोडला नाही. ती पाटी मंडळाची होती.

"कप्तान, खडू आहे का खिशात?"

कप्तानाने खडू दिला. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि चकतीच्या अगदी वरच्या दात्यावर एक लहानशी पांढरी खूण केली, ज्याला मोजावेसे वाटेल त्याला सुरुवात कुठून करायची ते कळावे म्हणून.